वळताना पिकअप का ओरडते? आवाजावरून दोष ओळखण्याची रीत





या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या वेळी विषय गाडीचा आहे. ऊस विकास विभागाच्या माणसाने गाडीवर का लिहावे, असे कुणी म्हणेल. पण आज आपल्या भागात ज्याच्या दारी ट्रॅक्टर नाही, त्याच्याही दारी जुनी पिकअप उभी दिसते. बेणे तिच्यातून येते, खताची पोती तिच्यातून येतात, केळीचे घड आणि दुधाचे कॅनही तिच्यातूनच जातात. शेताच्या कामाला बैलजोडी जितकी जवळची होती, तितकीच ही गाडी आता जवळची झाली आहे. मग तिच्या दुखण्याची चौकशी आपण नाही करायची तर कुणी करायची?

ज्यांनी बैलगाडीने ऊस वाहिला आहे, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असायचे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान कान देऊन ऐकायचा. डावे की उजवे, भरल्या गाडीला की रिकाम्या, चढाला की उताराला, एवढे त्याला बसल्या जागी कळायचे. मग उतरून नेमक्या त्याच आसाला वंगण द्यायचा. ही विद्या आपल्याकडे होती. गाडीला इंजिन लागले आणि आपण ती विसरलो. आता गाडी ओरडली की आपण रेडिओचा आवाज वाढवतो!

आमच्याच गाडीची गोष्ट

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी स्वतःची चूक सांगावी, म्हणून सांगतो.

विभागाच्या कामाला आमच्याकडे एक जुनी पिकअप होती. सुरू हंगामाच्या लागणीचे दिवस होते. को ८६०३२ चे बेणे घेऊन आम्ही रोज भुसावळच्या पूर्वेकडील गावांत जात होतो. दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, आणि तिकडे वेल्हाळे शिवारात राखेचा मोठा बंधारा आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. राखेच्या गाड्यांची वर्दळ असते. रस्त्याच्या कडेला बारीक राख साचते आणि वाऱ्याबरोबर उडते. जानेवारीची थंडी, पहाटेचे दव आणि त्यात ही राख!

पहिल्या दिवशी सकाळी गाडी वळवताना बोनेटखालून 'चीं...' असा आवाज आला. क्षणभर आला आणि गेला. दुपारी आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आला. चालक म्हणाला, "साहेब, थंडीचं आहे, गरम झाली की बंद होतं." आम्हीही म्हटले, असेल. आठ दिवसांनी वाटेतल्या एका माणसाने पट्ट्याला साबण घासून दिला. दोन दिवस आवाज गेला, तिसऱ्या दिवशी दुप्पट झाला. एकाने तर पंप आणि स्टिअरिंग बॉक्स दोन्ही गेले, बदलून टाका, असे सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही ते काम हंगामानंतर करू म्हटले.

पंधराव्या दिवशी बेणे भरून येताना दीपनगरच्या अलीकडे उताराला 'फट्' असे झाले. आवाज कायमचा बंद झाला आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा तांबडा दिवा लागला. चालकाने स्टिअरिंग वळवून पाहिले, तर ते विहिरीवरच्या रहाटासारखे जड. ब्रेक पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा थोडा लागला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखे झाले. पुढे वळण आणि वळणावर सायकलवरचा एक मुलगा. चालकाने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, दोन्ही हातांनी आणि अंगाच्या जोराने गाडी डावीकडे घेतली आणि रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगात घातली. मुलगा वाचला. आम्हीही वाचलो. बेण्याच्या मोळ्या रस्त्यावर पसरल्या.

बोनेट उघडले तेव्हा पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या होत्या. पंपही चांगला होता आणि स्टिअरिंग बॉक्सही चांगला होता. दोष एका सैल, घासून गुळगुळीत झालेल्या पट्ट्याचा होता. तो पंधरा दिवस ओरडून सांगत होता आणि आम्ही ऐकत नव्हतो.

त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गेले नाही. म्हणून हा लेख.

एका पट्ट्याने ब्रेक कसा जातो?

हे नीट समजून घ्यावे. इंजिनाच्या पुढच्या बाजूला पुल्या असतात. इंजिनाची पुली फिरते आणि पट्ट्याच्या आधारे इतर पुल्या फिरवते. स्टिअरिंगचा पंप, पाण्याचा पंप आणि विजेचा अल्टरनेटर ही सगळी त्याच पट्ट्याची किंवा शेजारच्या पट्ट्याची लेकरे. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागे एक छोटा व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेक हलका लागावा म्हणून जो बूस्टर असतो, तो या व्हॅक्यूमवर चालतो. पट्टा तुटला की अल्टरनेटर थांबतो, त्याच्याबरोबर व्हॅक्यूम पंप थांबतो. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन ब्रेक लागतात. त्यानंतर सगळा जोर पायाचा.

प्रत्येक गाडीत मांडणी वेगळी असते. काहींत दोन पट्टे, काहींत एकच लांब पट्टा असतो. आपल्या गाडीत कोणता पट्टा काय काय फिरवतो, हे एकदा बोनेट उघडून, गाडी बंद असताना, बोटाने दाखवून मिस्त्रीकडून समजून घ्यावे. शेताच्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह आपण पाठ ठेवतो ना, तसेच.

पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय?

पूर्वीच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसे. भरलेला ट्रक वळवायला पैलवान लागायचा. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग गाडीवर बसवून दाखवले. पण विक्रीच्या मोटारीत ते पहिल्यांदा आले १९५१ साली, क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल गाडीत. आपल्याकडे पिकअपसारख्या मालाच्या गाड्यांत ते बऱ्याच उशिरा रुळले.

यात तत्त्व साधे आहे. पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. आपण स्टिअरिंग फिरवले की तो दाब चाके वळवायला मदत करतो. हा दाब किती? आपल्या ठिबकच्या नळीत साधारण १ किलो, म्हणजे १ बार दाब असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरले, तर या पंपातला दाब ७० ते १०० बारपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ठिबकच्या सत्तर ते शंभर पट!

आता विचार करा. गाडी जागेवर उभी आहे, इंजिन मंद चालू आहे आणि आपण स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवले. तेलाला पुढे जायला वाट उरत नाही. दाब एकदम चढतो. पंप फिरवायला जड होतो. पट्टा ताणलेला आणि धड असेल तर तो पंपाला ओढत नेतो. पट्टा सैल असेल, किंवा त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील, तर इंजिनाची पुली फिरते पण पंपाची पुली मागे राहते. पट्टा तिच्यावरून घसरतो, अडकतो, पुन्हा घसरतो. सेकंदाला शेकडो वेळा असे होते, आणि तीच ती किंचाळी. पिठाच्या गिरणीत एकदम जास्त दाणे पडले की पट्टा ओरडतो, किंवा मळणी यंत्रात मोठी पेंढी गेली की चीत्कार निघतो, अगदी तीच गोष्ट.

आधी चार प्रश्न विचारा

उसाचे पान पिवळे पडले म्हणून कुणी सरळ युरिया टाकू लागला, तर आम्ही त्याला थांबवतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता. वरच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता, जी आपल्या चुनखडीच्या जमिनीत नेहमी दिसते. पोंगा वाळला आणि ओढल्यावर सहज निघून त्याला घाण वास आला तर खोडकिडा. रंग एक, दुखणी तीन. गाडीचेही तसेच. चौकशी न करता पंप बदलणे म्हणजे दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला!

म्हणून गाडी ओरडली की हे चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न. आपल्या गाडीला तेलाचे पॉवर स्टिअरिंग आहे का? नसेल, तर पट्टा आणि पंप यांचा या आवाजाशी संबंध नाही. सांधे, बुश आणि चाके तपासावीत. काही नव्या गाड्यांत विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग असते, त्यांनाही पंप नसतो.

दुसरा प्रश्न. इंजिन बंद असताना आवाज येतो का? गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे. किल्ली लॉकवर ठेवू नये. आवाज आला तर दोष कोरड्या सांध्यांत किंवा स्टिअरिंगच्या दांड्यात. आवाज फक्त इंजिन चालू असतानाच येत असेल तर पट्टा, पुली किंवा पंप.

तिसरा प्रश्न. गाडी उभी असताना आवाज येतो की चालतानाच? फक्त चालताना, आणि वेग वाढला की आवाजाची गती वाढत असेल, तर चाकाकडे बघावे. म्हणजे बेअरिंग, ब्रेक किंवा टायर.

चौथा प्रश्न. आवाज कसा आहे? बारीक, तीक्ष्ण 'चीं' असेल तर बहुधा पट्टा. जड 'घूं...' असा, म्हैस हंबरावी तसा असेल तर बहुधा तेल कमी किंवा तेलात हवा. 'कर्र... कट्' असा असेल तर कोरडा सांधा. रबर घासल्यासारखा 'कुंई' असेल तर स्टिअरिंगच्या दांड्याचे रबर.

या चार उत्तरांनी निम्मे काम होते. मिस्त्रीकडे जाताना ही उत्तरे कागदावर लिहून न्यावीत. "गाडी आवाज करते" एवढेच सांगितले, तर तोही बिचारा अंदाजच करणार.

पट्ट्याची तपासणी

इंजिन बंद, किल्ली खिशात. ही पहिली अट. खांद्यावरचा रुमाल, उपरणे, साडीचा पदर आणि शर्टाची सैल बाही बोनेटपासून दूर ठेवावी. फिरता पट्टा कापडाबरोबर हातही आत घेतो.

पट्टा उलटून त्याच्या कडा पाहाव्यात. व्ही आकाराचा पट्टा पुलीच्या खाचेत तळाने बसत नाही, तो दोन्ही कडांनी पकड घेतो. कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो घसरत होता, हे नक्की. आडव्या चिरा, सुटलेले धागे किंवा तेलाचा ओलावा दिसला तर पट्टा बदलावा. पुलीच्या खाचेचा तळ घासून चकाकत असेल, तर पट्टा झिजून तळाला टेकला आहे किंवा चुकीच्या मापाचा आहे. मग तो कितीही ताणला तरी उपयोग नाही.

ताण असा बघावा. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने चांगला जोर द्यावा. साधारण १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीइतका, पट्टा दबावा. त्याहून जास्त दबला तर सैल. मुळीच दबला नाही तर फार ताठ. गाडीच्या पुस्तकात माप दिले असेल तर तेच प्रमाण मानावे. ताठ पट्टा आवाज करत नाही म्हणून काहीजण पहार लावून तो ताणतात. असे केल्याने पाण्याच्या पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग लवकर जातात. एक दुखणे दाबले आणि दोन विकत घेतली! ज्या गाड्यांत आपोआप ताण देणारी पुली असते, तिथे ताण हाताने बदलत नाहीत. तिथे ती पुली मोकळी फिरते का आणि तिची स्प्रिंग थकली आहे का, हे मिस्त्रीकडून बघून घ्यावे.

एक सोपी परीक्षा आहे, पाण्याची. फवारणीच्या छोट्या बाटलीत स्वच्छ पाणी घ्यावे. इंजिन मंद चालू ठेवून दुसऱ्याने स्टिअरिंग वळवावे आणि आपण दोन हात लांबून पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडासा फवारा मारावा. आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे, घसरतो आहे. आवाज काही क्षण थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत असे समजावे. बैलगाडीचे चाक आसावर तिरके बसले की जसे रेटते, तसा हा प्रकार. मग पट्टा बदलून भागत नाही, पुलीची बैठक किंवा पंपाचे बोल्ट पाहावे लागतात. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर पुलीचे बेअरिंग किंवा पंप तपासावा.

पट्ट्याला साबण, मेण, राळ, ग्रीस, तेल यांपैकी काही एक लावू नये. आवाज दोन दिवस दबतो, पण घसरण वाढते आणि रबर खराब होते. ताप असताना घाम पुसून ताप जात नाही.

आपल्या भागात या पट्ट्याचे आयुष्य कमी होते, त्याची कारणे समोर आहेत. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, बोनेटखाली त्याहून किती तरी जास्त उष्णता असते. रबर कडक होते. दीपनगरच्या परिसरात ये-जा असेल तर राखेचीही भर पडते. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण मोठे, शेकडा ३० ते ४० च्या आसपास असते. ही उडती राख मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना यांची असते. पिठाहून मऊ वाटली तरी तिचे कण कठीण असतात. दवाने ओलावली की पट्टा आणि पुली यांच्यामध्ये तिचा लेप बसतो आणि कडा घासल्या जातात. आमच्या गाडीच्या पुलीच्या खाचेत असाच करडा लेप सापडला होता. म्हणून अशा रस्त्याने जाणाऱ्यांनी नवा पट्टा घालताना पुल्यांच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ करून घ्याव्यात. धुलाई केंद्रावर जोराच्या पाण्याचा फवारा सरळ अल्टरनेटरवर मारू देऊ नये.

तेलाची तपासणी

'घूं' असा आवाज येत असेल तर आधी स्टिअरिंग तेलाची डबी उघडावी. तिच्यावर किंवा झाकणाच्या कांडीवर कमी-जास्तीच्या खुणा असतात. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर ते कुठेतरी गळते आहे. हे तेल जळत नाही आणि आटत नाही. नुसते भरून पुढे जाणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडणे. नळ्यांचे क्लिप, पंपाचा पुढचा सील आणि स्टिअरिंग बॉक्सचा तळ पाहावा. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरले, की सकाळी डाग नेमकी जागा सांगतो.

तेलावर फेस दिसला, किंवा ते ताकासारखे धुरकट झाले, तर आत हवा शिरली आहे. डबीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीची क्लिप सैल असली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडला की मोटर कशी हवा खाते, तसेच. हवा काढण्याची रीत अशी. पुढची चाके जॅकवर उचलून खाली भक्कम घोडी लावावी. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे. मध्ये मध्ये डबीत तेल भरत राहावे. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून पुन्हा पाहावे.

तेल कोणते? पुस्तकात लिहिले असेल तेच. बऱ्याच गाड्यांत तांबूस रंगाचे एटीएफ तेल असते. ब्रेक ऑईल चुकूनही घालू नये. त्याने आतले रबरी सील फुगतात आणि सगळा संच निकामी होतो. डब्या शेजारी शेजारी असल्याने ही चूक होते. आम्ही तर आता झाकणावर रंगाने 'स्टिअरिंग' आणि 'ब्रेक' असे लिहूनच ठेवले आहे.

इंजिन बंद असतानाही आवाज येतो तेव्हा

इथे एका माणसाने स्टिअरिंग हलवावे आणि दुसऱ्याने खाली बसून ऐकावे. आधी केबिनमध्ये पायाशी पाहावे. स्टिअरिंगचा दांडा जमिनीतून बाहेर जातो तिथे रबराची टोपी असते. ती धुळीने कोरडी पडली की कुरकुरते. तिला सिलिकॉनचा फवारा पुरतो, त्यात धोका नसतो.

धोका पुढे आहे. टायरॉडची टोके, बॉल जॉइंट आणि किंग पिन हे सांधे चाकाला धरून ठेवतात. जिथे ग्रीसचे निपल आहेत, तिथे ते पुसून ग्रीस गनने नवे ग्रीस आत जाईपर्यंत द्यावे. जुने काळे ग्रीस बाहेर आले पाहिजे. निपल नसलेले सांधे सीलबंद असतात. त्यांचे रबरी टोपण फाटले की आत धूळ जाते, आणि असा सांधा बदलणे हाच उपाय.

सांध्यात ढिलाई आहे का, हे असे बघावे. चाक जॅकवर उचलून घोडी लावावी. चाक वर-खाली धरून हलवले आणि खटखटले तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंग पिन. डावी-उजवीकडे धरून हलवले आणि खटखटले तर टायरॉडचे टोक. ही ढिलाई दिसली तर गाडी त्या दिवशी रस्त्यावर काढू नये. टायरॉडचे टोक निखळले की चाक स्वतःच्या मनाने वळते, मग स्टिअरिंग हातात असूनही उपयोग नसतो. नटाची स्प्लिट पिन जागेवर आहे ना, हेही बघावे. पिनेच्या जागी तार अडकवलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

चालतानाच आवाज येत असेल तर

गुळगुळीत काँक्रीटवर, पेट्रोल पंपावर किंवा वजनकाट्यावर वळताना टायर चिरकतात. तिथेच आवाज येत असेल आणि डांबरी रस्त्यावर येत नसेल, तर हवा तपासावी. हवा बरोबर असूनही पुढच्या टायरची एकच कड करवतीसारखी झिजत असेल, तर चाकांची जुळणी बिघडली आहे.

ब्रेकवर हलका पाय ठेवल्यावर आवाज बदलत किंवा थांबत असेल, तर ब्रेकचे पॅड संपत आल्याची ती सूचना असू शकते. एका बाजूला वळताना घरघर वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते असे असेल, तर चाकाचे बेअरिंग पाहावे. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणून त्या वेळी आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर.

काही पथ्ये

उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळू नये. गाडी किंचित सरकू द्यावी आणि मग वळवावे.

स्टिअरिंग शेवटच्या टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. पंपाचे तेल तापते आणि पट्ट्यावर ताण येतो. बांधावरून गाडी काढताना ही चूक हमखास होते.

दर महिन्याला एकदा पट्टा, तेल आणि रबरी टोपणे डोळ्यांखालून घालावीत. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी सांध्यांना ग्रीस द्यावे. गाडीत जास्तीचा एक पट्टा आणि त्याच्या मापाचे पाने ठेवावेत. पट्ट्याची किंमत पंपाच्या मानाने किरकोळ असते. तरीही तोच नेमका आपण पुढच्या महिन्यावर टाकतो.

आणि कधी चालत्या गाडीत पट्टा तुटलाच, तर घाबरू नये. चालत्या गाडीत किल्ली फिरवू नये, कारण किल्ली निघाली तर स्टिअरिंग अडकू शकते. गिअर खाली घ्यावा, ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून धरावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि दोन्ही हातांनी गाडी कडेला घ्यावी. थांबली की इंजिन बंद करावे. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर 'एवढ्या पाच किलोमीटरवर गाव आहे' म्हणून पुढे जाऊ नये. गाव येईल, पण इंजिन राहणार नाही.

एक विनंती शेवटी. पिकअपच्या मागे माणसे बसवू नका. तोडणीची मंडळी, बायाबापड्या, लहान मुले हौदात बसलेली दिसतात तेव्हा आम्हाला तो दीपनगरचा उतार आठवतो. त्या दिवशी आमच्या मागे बेण्याच्या मोळ्या होत्या, त्या रस्त्यावर पसरल्या. मोळ्या पुन्हा गोळा करता आल्या.

आवाज हा वाहनाचा बोल आहे. त्याला बोलू द्या आणि आपण ऐका. आज रात्री जेवण झाल्यावर गाडीजवळ जा, इंजिन चालू करा आणि एकदा स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवून पाहा. काही ऐकू आले, तर उद्याची फेरी एक तास उशिरा निघाली तरी चालेल.



— ऊस विकास अधिकारी